तालमीला मार्क देणारं कॉलेज : एकोणिसाव्या शतकातलं ॲमहर्स्ट

चिकूवाडी

१ जुलै १८५९. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला पिट्सफील्ड नावाचं गाव आहे. तिथे ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांची पोरं बेसबॉल खेळली. निकाल : ॲमहर्स्ट ७३, विल्यम्स ३२. अमेरिकेत दोन कॉलेजांमध्ये झालेला बेसबॉलचा हा पहिला सामना. दुसऱ्या दिवशी तिथेच दोघांत बुद्धिबळाचा डाव झाला, तोही ॲमहर्स्टनेच मारला. निकालाचा जादा अंक निघाला, त्याच्या मथळ्यात स्नायू आणि बुद्धी या दोन्हींचा जयजयकार होता.

आकडे वाचून आजचा बेसबॉल डोळ्यांसमोर आणू नका. हा 'मॅसॅच्युसेट्स पद्धती'चा खेळ. एका बाजूला तेरा गडी, बेसच्या जागी जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंट्या, एक गडी बाद झाला की डाव संपला. पळणाऱ्याला बाद करायचं तर चेंडू सरळ त्याच्या अंगावर हाणायचा. थोडक्यात, आपली आबाधुबी, फक्त हातात दांडू घेऊन. ॲमहर्स्टकडून चेंडू टाकणारा गडी विद्यार्थी नसून पैसे देऊन आणलेला लोहार आहे, अशी अफवा तेव्हा उठली होती. पहिल्याच सामन्यात बाहेरचा खेळाडू घुसवल्याची बोंब! आंतरमहाविद्यालयीन कबड्डी पाहिलेल्यांना हे अजिबात परकं वाटणार नाही.

ॲमहर्स्ट कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात आहे. मी याच खोऱ्यात राहते, त्यामुळे हे कॉलेज जाता-येता दिसतं. पण धागा काढायचं कारण हा सामना नाही. त्याच सुमाराला कॉलेजच्या आत जे चाललं होतं ते जास्त मजेशीर आहे.

ॲमहर्स्ट कॉलेज १८२१ चं. गरीब पण धर्मनिष्ठ मुलांना शिकवून पाद्री करायचं, या हेतूने जमवलेल्या निधीतून ते उभं राहिलं. त्यामुळे पहिल्या काही पिढ्यांत शेतकऱ्यांची मुलं भरपूर. राहायला साउथ आणि नॉर्थ कॉलेज या विटांच्या इमारती, दोन्हींच्या मध्ये जॉन्सन चॅपल. खोलीतल्या शेगडीसाठी लाकूड स्वतः आणायचं, पाणी विहिरीवरून भरायचं. भल्या सकाळी घंटा झाली की चॅपलमध्ये सक्तीची प्रार्थना. मग लॅटिन, ग्रीक, गणित, आणि वर्गात उभं राहून पाठ म्हणणं. जेवण गावातल्या खाणावळींत. विरंगुळा म्हणाल तर वादविवाद मंडळं, त्यांची आपापली ग्रंथालयं, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांमध्ये काठीवरून होणारी झोंबाझोंबी.

नांगर धरलेली पोरं अशी चार वर्षं बाकावर बसली की काय व्हायचं ते झालं. अध्यक्ष विल्यम स्टर्न्स यांनी १८५९ मध्ये विश्वस्तांना स्पष्ट सांगितलं, की मुलांची प्रकृती ढासळते आहे, विशेषतः वसंतात, आणि यावर उपाय केला पाहिजे. विश्वस्तांनी मनावर घेतलं. नॉर्दॅम्प्टनच्या डॉ. बेंजामिन बॅरेट यांच्या नावाने १८६० मध्ये दगडी व्यायामशाळा उभी राहिली. पहिले शिक्षक जॉन हुकर आजारपणामुळे टिकले नाहीत. (मुलांची प्रकृती सुधारायला आणलेल्या माणसाचीच प्रकृती गेली.) मग १८६१ मध्ये आले डॉ. एडवर्ड हिचकॉक.

वडीलही एडवर्ड हिचकॉकच. ते या कॉलेजचे माजी अध्यक्ष आणि भूगर्भशास्त्रज्ञ. या खोऱ्यातल्या दगडांवरचे डायनासोरच्या पावलांचे ठसे त्यांनी गोळा केले आणि ते प्रचंड मोठ्या पक्ष्यांचे आहेत असं मानलं. मुलगा हार्वर्डचा डॉक्टर. आला तो १९११ मध्ये मरेपर्यंत याच कामावर राहिला, तब्बल पन्नास वर्षं. पोरांनी त्याचं नाव 'ओल्ड डॉक' पाडलं.

त्यांची योजना अशी : प्रत्येक वर्गाने आठवड्यातले चार दिवस, दर वेळी अर्धा तास, व्यायामशाळेत यायचं. ऐच्छिक नाही. लॅटिनच्या तासाला जशी हजेरी तशीच इथेही, आणि त्याचा हिशेब गुणांत धरला जाणार. वर्गाचा गणवेश ठरलेला, वर्गाचा कॅप्टन वर्गानेच निवडलेला. दोन्ही हातांत हलके लाकडी डंबेल्स, कोपऱ्यात पियानो, आणि पियानोच्या ठेक्यावर कवायत. गावातली माणसं बघायला येऊन बसत. कवायत संपली की उरलेला वेळ पोरांचा : कोलांट्या मारा, गाणी म्हणा, धिंगाणा घाला.

मला हा माणूस आवडतो तो या शेवटच्या दहा मिनिटांसाठी. तो काळ फार गंभीर होता. सगळं आत्म्याच्या उद्धारासाठी चाललेलं. अशा कॉलेजात एक प्राध्यापक उठून सांगतो, की धिंगाणा हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. शिवाय त्यांना चॅम्पियन घडवायचे नव्हते. जो पोरगा कधी मैदानाकडे फिरकलाच नसता, त्याच्यासाठी हे सगळं होतं.

मैदानावरचे खेळ मात्र पोरांनी पोरांचेच चालवले. वर्गणी त्यांची, कॅप्टन त्यांचा, भांडणंही त्यांचीच. कॉलेजच्या दारात नदी नाही, काही मैल तुडवून हॅडलीच्या बाजूला कनेक्टिकट नदी गाठावी लागते. तरी २४ जुलै १८७२ ला स्प्रिंगफील्डच्या तीन मैलांच्या शर्यतीत ॲमहर्स्टच्या सहा वल्हेकऱ्यांनी हार्वर्ड, येल सगळ्यांना मागे टाकलं. त्याच्या आदल्या वर्षी, १८७१ मध्ये, ती शर्यत जिंकली होती त्याच ॲमहर्स्ट गावातल्या नवख्या शेतकी कॉलेजने! बोट क्लब मिरवणाऱ्या हार्वर्डची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा.

आपल्याकडच्या जुन्या कॉलेजांत असं काही होतं का? माहीतगारांनी लिहावं.

---

मधली सुट्टी

चिकूवाडी, मस्त धागा. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे 'लाकडी डंबेल्स' वाचून हात आपोआप वर गेले. आमच्याकडे साधन कवायत असायची. डंबेल्स, लेझीम, घुंगुरकाठी. ढोलाच्या ठेक्यावर डंबेल्स डोक्यावर, छातीसमोर, पायाखालून एकमेकांवर आपटायचे. तीनशे मुलांचा तो 'टक्' एकदम आला तर सव्वीस जानेवारीला पाहुणे खूश. एकाचा जरी मागे पडला तरी पूर्ण मैदानाला ऐकू जायचा.

हिचकॉकसाहेबांनी हजेरी गुणांत धरली हे फार महत्त्वाचं. आमच्या विषयाला श्रेणी मिळायची आणि ती कोणी बघायचं नाही. सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई हसत हसत येऊन तास मागून न्यायच्या. पन्नास वर्षं एकाच माणसाने हा तास कोणाला मागू दिला नाही, याचाच मला हेवा वाटतो.

---

आडवा प्रश्न

छान लिहिलंय, पण तुम्ही ज्याला धिंगाणा म्हणताय तो दहा मिनिटांचा. बाकी काय? गणवेश, रांग, कॅप्टन, ठेका, हजेरी. सकाळी चॅपलमध्ये सक्तीची प्रार्थना, दुपारी व्यायामशाळेत सक्तीची कवायत. पोरांच्या आत्म्यावर आधीच ताबा होता, आता शरीरावरही आला. आणि साल बघा, १८६१. त्याच वर्षी यादवी युद्ध सुरू झालं. रांगेत चालणारी, हुकूम ऐकणारी पोरं नेमकी तेव्हाच हवी होती.

---

चिकूवाडी

@मधली सुट्टी, 'तास मागून नेणं' यावर स्वतंत्र धागा निघाला पाहिजे. :)

@आडवा प्रश्न, मुद्दा मान्य नाही, पण तुम्ही बोट बरोबर जागी ठेवलंय. व्यायामशाळेचा निर्णय युद्धाच्या आधीचा, कारण प्रकृतीचं. पण युद्ध कॉलेजात शिरलंच. अध्यक्ष स्टर्न्स यांचा मुलगा फ्रेझर इथला विद्यार्थी होता. तो २१ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाला आणि १४ मार्च १८६२ ला नॉर्थ कॅरोलायनात न्यू बर्नच्या लढाईत मारला गेला. वय एकवीस. त्या लढाईत काबीज केलेली एक तोफ नंतर कॉलेजला देण्यात आली. गावातच राहणाऱ्या कवयित्री एमिली डिकिन्सनच्या पत्रांत या मृत्यूने घराला बसलेला धक्का दिसतो. तिचे आजोबा कॉलेजच्या संस्थापकांपैकी, वडील खजिनदार, नंतर भाऊही खजिनदार. कॉलेजचं सगळं त्यांच्या घरातूनच जायचं.

ज्या बापाने पोरांची प्रकृती जपायला व्यायामशाळा बांधून घेतली त्याच्याच वाट्याला हे आलं. यात कट शोधण्यापेक्षा मला ते नुसतंच वाईट वाटतं.

---

येरवडा लोकल

आपल्याकडचं विचारलंत म्हणून. डेक्कन कॉलेज. मुळा-मुठेच्या काठावरची ती गॉथिक इमारत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे आलं. प्राचार्य वर्ड्सवर्थ, म्हणजे कवी वर्ड्सवर्थ यांचे नातू. गणिताला केरो लक्ष्मण छत्रे. याच कॉलेजात १८७० च्या दशकात टिळक आणि आगरकर.

टिळकांचा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी इथे तो ठेवावाच लागेल. अंगकाठी किरकोळ, त्यावरून मित्र चिडवायचे. चरित्रकार सांगतात, की पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तालमीला दिलं. जोर, बैठका, कुस्ती, नदीत पोहणं, आणि त्याला साजेसा खुराक. वर्ष गेलं, तब्येत कमावली, आणि पुढे गणितात पहिल्या वर्गात बी.ए. झाले. तोंडावर बोलायच्या सवयीमुळे मित्रांनी त्यांना 'मिस्टर ब्लंट' म्हणायला सुरुवात केली तीही इथेच.

आता दोन्ही शेजारी ठेवा. ॲमहर्स्टमध्ये व्यायाम केला नाही तर मार्क जायचे. डेक्कनमध्ये टिळकांनी व्यायाम केला म्हणून मार्क गेले.

---

वस्तादांचा चेला

वरच्या प्रतिसादाला दंडवत.

कोल्हापूरकराची एक शंका. एवढ्याशा लाकडाच्या डंबेल्सनी होतंय काय? आमच्या तालमीत पोरगं पहिल्या दिवशी आलं तर वस्ताद त्याला नुसता हौदा खणायला लावायचे. दोन दिवसांत अर्धी पोरं गायब. उरलेल्यांना मग जोर. पियानो बियानो काही नाही, वस्तादांचं 'हूं' एवढंच संगीत. हे साहेब पोरांकडून वजन का उचलून घेत नव्हते?

---

चिकूवाडी

@येरवडा लोकल, हे वाक्य मी उचलणार, आधीच सांगून ठेवते.

@वस्तादांचा चेला, हाच वाद तेव्हा बॉस्टनमध्ये पेटलेला होता. एका बाजूला जॉर्ज विंडशिप, हार्वर्डचा डॉक्टर. लोकांसमोर अचाट वजनं उचलून दाखवायचा आणि ताकद म्हणजेच आरोग्य असं व्याख्यानांत सांगायचा. दुसऱ्या बाजूला डायो लुईस. तो म्हणायचा, वजन हलकं ठेवा, हालचाल चपळ ठेवा, संगीत लावा, बायका-मुलांनाही करता येईल असा व्यायाम द्या. हिचकॉक या दुसऱ्या गटातले. विंडशिप १८७६ मध्ये जेमतेम बेचाळिशीत वारला, तेव्हा हलक्या व्यायामवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. एका माणसाच्या मृत्यूवरून व्यायामाची पद्धत खोटी ठरत नाही, पण लोकांना तेवढं पुरतं.

आणि हिचकॉकांना मल्ल तयारच करायचे नव्हते. हौदा खणायला लावला असता तर तुमच्यासारखीच अर्धी पोरं गायब झाली असती. त्यांना ती गायब होणारी अर्धी पोरंच हवी होती.

---

वस्तादांचा चेला

हे पटलं. वस्तादांना नसतं पटलं.

---

ठोकताळा

हिचकॉकांची खरी कामगिरी तुम्ही अजून लिहिलीच नाही. मापं! कॉलेजात आलेल्या प्रत्येक मुलाची उंची, वजन, छातीचा घेर, दंड, मनगटापर्यंतचा हात, फुप्फुसात किती हवा मावते, किती वेळा स्वतःला वर ओढून घेता येतं, सगळं मोजायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचं. आजारपणाच्या रजांचाही हिशेब ठेवायचा आणि तो दरवर्षी विश्वस्तांपुढे ठेवायचा. असं दशकानुदशकं. १८८७ मध्ये हायरम सीली यांच्याबरोबर त्यांनी मापनाची पुस्तिकाच काढली. त्याआधी १८८५ मध्ये अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणवाल्यांनी आपली संघटना उभारली तेव्हा पहिले अध्यक्ष तेच झाले. आकड्यांत काम करणारा माणूस म्हणून मी सांगतो, एकाच पद्धतीने, एकाच जागी, एवढी वर्षं गोळा केलेली नोंद त्या काळात सोन्याच्या मोलाची.

---

आडवा प्रश्न

सोनं कोणाचं, ते बघा ना. न्यू इंग्लंडमधले, बहुतेक गोरे, बहुतेक प्रॉटेस्टंट, कॉलेजची फी परवडणारे किंवा धर्मादाय निधीवर शिकणारे तरुण. त्यांची सरासरी काढायची आणि तिला 'नमुनेदार तरुण' म्हणायचं. मग पुढे त्या सरासरीत न बसणाऱ्या प्रत्येकाला उणं ठरवायचं. मोजपट्टीचा त्या शतकात काय काय उपयोग झाला ते आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे तर रिस्ले हा ब्रिटिश अधिकारी नाकं मोजत फिरला.

---

ठोकताळा

रिस्लेचं खरं आहे, पण हिचकॉक आणि रिस्ले एका पारड्यात नको. एकाने लोकांच्या जाती लावण्यासाठी मोजलं, दुसऱ्याने त्याच पोराचं या वर्षीचं माप त्याच्याच मागच्या वर्षीच्या मापाशी ताडून बघितलं. सरासरी कोणाची, हा तुमचा आक्षेप मात्र टिकतो. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

---

चिकूवाडी

या वादात एक माणूस आणायलाच हवा. विल्यम हेन्री लुईस. जन्म १८६८, व्हर्जिनिया, आईवडील गुलामीतून सुटलेले. ॲमहर्स्टमध्ये १८८८ ते १८९२. कॉलेजच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचा कॅप्टन, आणि पदवीदानाच्या वेळी वर्गाचा वक्ता. पुढे कायदा शिकायला हार्वर्डला गेला, तिथे सेंटरच्या जागी खेळला आणि १८९२, १८९३ अशी दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला. तो मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १८९६ मध्ये त्याने कॉलेज फुटबॉलवर पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांच्या काळात तो देशाचा सहायक ॲटर्नी जनरल झाला. त्याचा वर्गबंधू विल्यम जॅक्सन, तोही कृष्णवर्णीय, ॲमहर्स्टचा नावाजलेला धावपटू.

म्हणजे ओल्ड डॉकच्या मोजपट्टीखालून लुईसही गेला, जॅक्सनही गेला. मला यातलं उल्लेखनीय वाटतं ते हे, की लुईसला कॅप्टन पोरांनी निवडला. प्राध्यापकांनी नाही. कॅप्टन निवडण्याचा हक्क पोरांकडे होता म्हणून हे १८९१ मध्ये घडू शकलं. सगळीकडे असं घडत होतं असा याचा अर्थ अजिबात नाही. ॲमहर्स्टमध्येही कृष्णवर्णीय विद्यार्थी तेव्हा बोटांवर मोजण्याएवढेच.

---

संत्रानगरी

काय राव, एवढे प्रतिसाद झाले अन् एकाही बाईचं नाव नाही! (एमिलीताई सोडून.) पोरींचं काय?

---

चिकूवाडी

वाटच बघत होते कोणी विचारतंय का.

ॲमहर्स्टमध्ये मुली आल्या थेट १९७५ मध्ये. पण 'सक्तीचा व्यायाम पहिल्यांदा हिचकॉकांनी आणला' असं जे छापलं जातं, त्याला शेजारच्याच गावातून आक्षेप घेता येतो. मेरी लायनने १८३७ मध्ये साउथ हॅडलीला माउंट होल्योक ही मुलींची शाळा काढली, तिथे पहिल्यापासून कॅलिस्थेनिक्स (हलकी कवायत) सक्तीचं, रोज मैलभर चालणं सक्तीचं, आणि शाळेचं घरकाम मुलींनीच करायचं. एमिली डिकिन्सन तिथे १८४७-४८ मध्ये होती, तिच्या वाट्याला जेवणाच्या सुऱ्या मांडणं आणि धुणं-पुसणं आलं होतं. गंमत म्हणजे शाळेची जुळवाजुळव चालू असताना मेरी लायन राहत होती थोरल्या हिचकॉकांच्याच घरी, ॲमहर्स्टला. धाकटा एडवर्ड तेव्हा लहान पोरगा. त्या घरात जेवताना व्यायामाच्या गप्पा झाल्या असतील असं मी म्हटलं तर तो निव्वळ माझा अंदाज. पण मला तो सोडवत नाही.

तेव्हा मुलांच्या कॉलेजातलं पहिलं म्हणा हवं तर. मुलींनी ते वीसेक वर्षं आधी सुरू केलं होतं.

---

पुस्तकी किडा

अवांतर : ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी ॲमहर्स्ट म्हणजे मेल्विल ड्यूई. १८७० ते ७४ तो इथे विद्यार्थी होता, कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायचा. पुस्तकांना दशांश पद्धतीने क्रमांक द्यायची कल्पना त्याला १८७३ मध्ये तिथेच सुचली, १८७६ मध्ये ती छापून आली. क्रीडा ७९६ मध्ये. म्हणजे ज्या कॉलेजात पोरांना मोजत होते तिथेच पुस्तकांनाही क्रमांक लागले. त्या हवेतच काहीतरी असणार.

---

मधली सुट्टी

एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आमच्या साधन कवायतीचे डंबेल्स आणि या ॲमहर्स्टच्या डंबेल्सचं काही नातं असेल का? लेझीम आपली, घुंगुरकाठी आपली. डंबेल्स कुठून आले?

---

चिकूवाडी

थेट नातं दाखवता येईल असं माझ्या हाती काही नाही, त्यामुळे तो दावा करत नाही. पण ॲमहर्स्टची कवायत आशियात नक्की आली, आणि कशी आली ते सांगते.

१८६४ मध्ये नीजिमा नावाचा जपानी तरुण बंदी मोडून हाकोदातेहून जहाजाने पळाला. १८६७ ते ७० तो ॲमहर्स्टमध्ये शिकला. पाश्चात्त्य कॉलेजातून पदवी घेणारा पहिला जपानी. कवायत सगळ्यांनाच सक्तीची, म्हणजे त्यानेही ओल्ड डॉकच्या पियानोवर डंबेल्स फिरवले असणार. १८७२ मध्ये जपानचे शिक्षणखात्यातले अधिकारी तानाका शाळा-कॉलेजं बघत फिरत होते, त्यांचा दुभाषा हाच नीजिमा. पुढे १८७८ मध्ये जपान सरकारने व्यायामशिक्षक घडवण्याची संस्था तोक्योत काढली, तेव्हा शिकवायला बोलावलं जॉर्ज लीलंड यांना. लीलंड ॲमहर्स्टचे, १८७४ चे पदवीधर, हिचकॉकांचे शिष्य. तीन वर्षं त्यांनी तिथे हलकी कवायत शिकवली, तिथून निघालेले शिक्षक जपानभर शाळांत गेले.

नीजिमाने १८७५ मध्ये क्योतोत दोशिशा काढली ती वेगळी गोष्ट. त्याला ॲमहर्स्टमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे विल्यम क्लार्क शेजारच्या शेतकी कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १८७६ मध्ये साप्पोरोला शेतकी कॉलेज उभारायला गेले. वर मी म्हटलं ना, १८७१ ची बोटींची शर्यत नवख्या शेतकी कॉलेजने मारली? ते क्लार्क यांचंच कॉलेज. फ्रेझर स्टर्न्स ज्या पलटणीत होता तिचे कर्नलही तेच. लहान गावातली माणसं, फिरून फिरून तीच भेटतात.

---

येरवडा लोकल

एवढं सगळं गंभीर झालं. कॉलेजची मस्ती कुठे आहे? रोज डंबेल्स फिरवून पोरांनी काहीच उद्योग केले नाहीत?

---

चिकूवाडी

केले की. दोन सांगते.

एक, सब्रिना. जोएल हेडन नावाच्या गृहस्थांनी १८५७ मध्ये कॉलेजला एका जलदेवतेचा पुतळा दिला. पोरांनी त्या बिचारीला रंग फासले, कपडे चढवले, जागेवरून हलवली, काय काय केलं. कंटाळून १८८४ मध्ये कॉलेजने हुकूम काढला, पुतळा नष्ट करा. काम आलं चार्ल्स थॉम्पसन यांच्याकडे. हे तिथले कृष्णवर्णीय शिपाई, पोरं त्यांना 'प्रोफेसर चार्ली' म्हणायची. त्यांनी हुकूम ऐकून घेतला आणि पुतळा आपल्या गोठ्यात गवताखाली लपवून ठेवला. तीन वर्षांनी १८९० च्या वर्गाने (म्हणजे १८९० मध्ये पदवी घेणाऱ्या पोरांनी) तो शोधून पळवला. तेव्हापासून सम सालांचे वर्ग आणि विषम सालांचे वर्ग यांच्यात सब्रिनाची जी पळवापळवी सुरू झाली ती विसाव्या शतकात शिरली. मेजवानीच्या ऐन मध्यात पुतळा आणायचा, सगळ्यांनी एकदा हात लावायचा, आणि विरोधक पोहोचायच्या आत पसार.

दुसरी, उंच टोप्यांची शर्यत. प्रॅट घराण्याने १८८४ मध्ये नवी व्यायामशाळा दिली आणि १८९१ मध्ये मैदान. त्या प्रॅट फील्डवर तिसऱ्या वर्षाची पोरं रेशमी उंच टोप्या घालून, हातात छडी घेऊन पळायची. शेवटच्या सातांनी बाकी सगळ्यांना जेवण द्यायचं. १८९५ च्या वर्गातला एक अबोल, कोणत्याही खेळात नसलेला मुलगा त्या सातांत सापडला. रिवाजाप्रमाणे त्याला भाषण करावं लागलं. ते म्हणे इतकं कोरडं आणि इतकं विनोदी झालं, की तोवर ज्यांना त्याचं नाव धड माहीत नव्हतं ते वळून बघायला लागले. मुलगा कॅल्व्हिन कूलिज. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि अबोलच राहिला.

---

वस्तादांचा चेला

प्रोफेसर चार्लींना आपला मुजरा. हुकूम ऐकला पण मानला नाही.

---

आडवा प्रश्न

इथे मात्र मी गप्प. पुतळा पळवणं सक्तीचं नव्हतं ना, तेवढं सांगा.

---

संत्रानगरी

पोरींवर एवढ्यात आवरू नका. स्मिथ कॉलेज तिथेच आहे ना? बास्केटबॉल?

---

चिकूवाडी

हो, नॉर्दॅम्प्टनला, ॲमहर्स्टहून सात-आठ मैलांवर. बास्केटबॉल नेस्मिथने स्प्रिंगफील्डला १८९१ मध्ये काढला, व्हॉलीबॉल मॉर्गनने होल्योकला १८९५ मध्ये. सगळं याच खोऱ्यात, एकमेकांपासून गाडीने अर्ध्या तासावर. स्मिथच्या सेन्डा बेरेन्सन यांनी नेस्मिथचा खेळ मुलींसाठी बदलून घेतला आणि २२ मार्च १८९३ ला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना लावला. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. त्यावर वेगळा धागा काढते, इथे तो मावणार नाही.

---

मधली सुट्टी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि त्या मुलींनी नियम काय काय बदलले ते सविस्तर लिहा. आमच्या मुली अजून विचारतात, ड्रिबल किती वेळा करायचा.